पिक्चर संपल्यावर

आमच्या कंधारात पिक्चर घरात यायला लई उशीर झाला. मुंबईला दूरदर्शन 1972 च्या गांधी जयंतीला सुरू झालं, पण त्याचं आम्हाला काय? तिकडं शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी पिक्चर लागतं, एवढं मुंबईला कामाला गेलेले लोक सुट्टीत येऊन सांगायचे आणि आम्ही ऐकायचो. ऑगस्ट 1975 पासून वर्षभर उपग्रहावरून 2400 खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग झाला. सहा राज्यं त्यात होती. निजामाच्या राज्यातले आमचे जुने शेजारी, गुलबर्गा-रायचूरकडची खेडी, त्यात आली. महाराष्ट्र नव्हता, म्हणून आम्ही नव्हतो. भाषावार प्रांतरचनेत आमचा फायदा काय नि तोटा काय यावर आमचे आजोबा नेहमी बोलायचे, त्यात हा एक तोटा मी माझ्यातर्फे धरतो.

टीव्ही आला तो 1985 नंतर. देशभर लहान प्रक्षेपक उभे राहत होते आणि त्यांच्यावर दिल्लीचं तेवढं दिसायचं. घराच्या माळवदावर लांबलचक बांबू, बांबूवर ॲन्टेना, आणि एक पोरगं वर उभं. त्यानं ॲन्टेना नांदेडच्या अंगाला फिरवायचा आणि खालून ओरडायचं, "आलं, आलं, गेलं की गा!" मराठी पिक्चर नशिबात नव्हतं. बातम्या हिंदीत, नाटक हिंदीत, पिक्चर हिंदीत.

गंमत अशी, की या दिल्लीच्या टीव्हीचा सगळ्यात चांगला प्रेक्षक निघाले ते आमचे आजोबा. धोतर, बाराबंदी, कपाळाला गंध, आणि शिक्षण निजामाच्या शाळेत, सगळं उर्दूत. आम्हाला जे संवाद समजत नव्हते, ते त्यांना जुन्या ओळखीचे निघाले. हिरोनं 'ख' चा उच्चार मराठीवाणी केला, की ते अडकित्ता खाली ठेवायचे. "याला बोलता येत नाही. घशातून यायला पाहिजे तो शब्द." पिक्चर कसं होतं असं विचारलं, तर ठरलेलं उत्तर, "जबान कच्ची आहे." बस्स. गोष्ट, गाणी, मारामारी यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

थेटरात पिक्चर पाहणं वेगळं. माळेगावच्या जत्रेत तंबू टाकीज यायची, तिथं शिट्टी वाजवता यायची, चिल्लर फेकता यायची, पण मत देता यायचं नाही. बोललं की मागचा खेकसायचा. आणि बायकांना तर शिट्टीही नाही. घरात पिक्चर आलं, तेव्हा आमच्या घरातल्या बायका पहिल्यांदा पिक्चर चालू असताना बोलल्या. भाकरी थापता थापता, लसूण सोलता सोलता. पुढं भाड्यानं व्हिडिओ आणायचं खूळ निघालं. गल्लीत पट्टी गोळा करायची, एका रात्रीचा रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. दुसरं पिक्चर अर्धं झालं की लाईट जायची. लाईट येईपर्यंत अंधारात बसून जी चर्चा व्हायची, ती मला पिक्चरपेक्षा जास्त आठवते. 'माहेरची साडी' आलं 1991 ला. सगळ्या गल्लीनं पदर ओले केले. माझी मोठी चुलती मात्र कोरडी. म्हणाली, "इतकी उघड वाईट सासू असती तर बरं झालं असतं की ओ. माणसानं भांडण तरी केलं असतं." माझी आजी तिथंच बसलेली होती. म्हणजे तिची सासू.

असली मतं कुणी लिहून ठेवत नाही. त्यांच्यात अभिनयाचं कौतुक नसतं, दिग्दर्शकाचं नाव नसतं. पण आमच्या घराचा जो काही इतिहास मला ठाऊक झाला, तो बराचसा अशाच बोलण्यातून झाला, म्हणून हे लिहायला घेतलं.

1948 बद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. 17 सप्टेंबरला शाळेत झेंडा, भाषण, गोळ्या-बिस्किटं. गुरुजी रझाकारांबद्दल सांगायचे. आमच्याच तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीवरचा हल्ला सांगायचे, वऱ्हाडाच्या हद्दीत उमरखेडला लढणाऱ्यांचा कॅम्प होता ते सांगायचे. ते खरंच होतं आणि सांगायलाच पाहिजे होतं. अनंत भालेरावांनी, नरहर कुरुंदकरांनी लिहून ठेवलेलं आहे. पण घरी येऊन विचारलं, "आजी, तेव्हा तू कुठं होतीस?" की ती म्हणायची, "कुठं असणार? चुलीपाशी."

मग एकदा टीव्हीवर रात्री 'निशांत' लागलं. श्याम बेनेगलांचं, 1975 चं. लिहिलेलं विजय तेंडुलकरांनी. निजामी राज्यातलं गाव, एक वाडा, चार भाऊ. शाळामास्तरची बायको ते उचलून नेतात. मास्तर पोलिसाकडं जातो, कलेक्टराकडं जातो, कुणी दाद घेत नाही. आमच्या घरात एरवी बोलणं चालायचं, त्या दिवशी नव्हतं. पडद्यावरचं हिंदी आमच्या बाजारातल्या बोलण्याच्या जवळचं. त्याच बेनेगलांच्या 'अंकुर' मध्ये तर शबाना आझमी जे दखनी बोलते, ते ऐकून आजोबा पहिल्यांदा जबानीबद्दल काही बोलले नव्हते. शेवटी गाव चवताळतं. लाठ्याकाठ्या घेऊन वाड्यावर जातं. आम्ही पोरं खूश, आता मारा म्हणून. आणि ते मारतात. पण मारताना घरातली जी गरीब सून आहे, जिनं काहीच केलं नाही, तीही मरते. ज्या मास्तरणीसाठी हे सगळं झालं, तीही त्या जमावातून वाचत नाही.

आजी म्हणाली, "तिला कामून मारलं?"

माझ्या चुलत्यानं समजावलं, की जमाव असतो, त्याला काय कळतं, असं दाखवायचं असतं. आजी म्हणाली, "दाखवायचं कशाला? म्या पाहिलंय ते." आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडताना मी तिच्यापाशी बसलो. तुकड्या-तुकड्यानं कळलं. रझाकारांच्या भीतीनं सासऱ्यानं घरातल्या बायका-लेकरांना रात्रीच्या बैलगाडीनं हद्दीपार नातेवाइकांकडं नेऊन सोडलं होतं. तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची, कडेवर माझी आत्या. फौज आली, राज्य बदललं, सगळे परत आले. मागं राहिलेल्या भांड्याकुंड्यातलं काही नव्हतं, पण घर होतं. समोरच्या घराला मात्र कडी लावलेली होती. त्या घरातला माणूस रझाकार नव्हता, कपडे शिवायचा. त्यानंच यांच्या घराला कुलूप लावून किल्ली जपून ठेवली होती. किल्ली त्याच्या बायकोनं आणून दिली. माणूस परत आला नाही. एवढं सांगून आजीनं सूप झटकलं.

पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते पाहायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून चार नावं आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक वर्षं कुणाच्या हाती लागू दिला नाही. मी तो वाचला तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. पण आमच्या जिल्ह्याचं नाव वाचून मला धक्का वगैरे बसला नाही. तांदूळ निवडताना ऐकलेलंच होतं.

समोरच्या त्या घरातली बाई म्हणजे आमची खाला. आम्ही तिला खालाच म्हणायचो. तिच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून रविवारी पिक्चरला ती आमच्याकडं यायची, दाराच्या आत भिंतीला टेकून बसायची. रविवारी दुपारी इतर भाषांतली पिक्चर लागायची, बंगाली, मल्याळी. खाली इंग्रजीत अक्षरं. ती ना तिला वाचता यायची ना आजीला. दोघी मन लावून बघायच्या आणि आपापली गोष्ट रचायच्या. "नवऱ्यानं सोडलंय तिला." "नै अम्मा, मर गया उसका." भांडण. मी इंग्रजी अक्षरं जुळवून खरं काय ते सांगायला लागलो, की दोघी मिळून मला गप्प करायच्या.

जानेवारी 1988 मध्ये 'तमस' लागलं. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींनी केलेलं. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीत इकडं आलेलं घर. 'अंकुर' आणि 'निशांत' चा कॅमेराही त्यांचाच, हे मला फार पुढं कळलं. 'तमस' वर तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला झाला. आधी मनाई हुकूम निघाला, मग दोन न्यायाधीशांनी सगळं 'तमस' स्वतः बसून पाहिलं आणि मनाई उठवली. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं. लोकांना हे पाहू द्यावं, असं. मला ही गोष्ट फार आवडते. न्यायाधीशालाही शेवटी आमच्यासारखं बसून पिक्चर पाहूनच मत द्यावं लागलं.

खटल्याची बातमी आमच्याकडं पेपरातून पोहोचली होती, त्यामुळं वडील आधीच सावध. पहिलाच प्रसंग असा, की नथू नावाच्या चामड्याचं काम करणाऱ्या माणसाला पैसे देऊन रात्री डुक्कर मारायला लावतात. कशासाठी, ते त्याला सांगत नाहीत. ओम पुरी त्या कोठडीत डुकराच्या मागं धावतोय, घामानं निथळतोय, आणि संपता संपत नाही. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर. वडील उठले. खाला दाराशी बसलेली. बटणापर्यंत हात गेला तेव्हा ती म्हणाली, "चलने दो भाई."

चाललं. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. पुढच्या भागांनाही ती आली, आणि आजी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. एरवी आजीची जागा पाटावर, टीव्हीच्या समोर.

सगळे भाग झाल्यावर आईनं विचारलं, कसं वाटलं? खाला म्हणाली, "अच्छाच था. पर अंधेरा भोत था, सूरत बराबर नै दिखी किसी की." आमचा काळा-पांढरा टीव्ही, त्यात व्होल्टेज कमी, हे खरंच होतं. आजी म्हणाली, "हाव, उलीसं अंधारंच होतं." आणि विषय तिथं थांबला. दोघी आता नाहीत.

त्यानंतर केबल आली, सीडी आली, डिश आली. त्या काळात बरंच पाहिलं, बोलण्यासारखं थोडं. 'फॅन्ड्री' तेवढं सांगतो. 2014 ला थेटरात आलं, आम्ही पुढं घरी टीव्हीवर पाहिलं. नागराज मंजुळेंच्या त्या पिक्चरमध्येही डुक्कर आहे, आणि ते धरायचं काम कुणाच्या वाट्याला येतं तेही आहे. राष्ट्रगीत लागतं, म्हणून हाताशी आलेलं डुक्कर सोडून सगळं घर ताठ उभं राहतं. आमच्याकडं सालानं असलेला गडी त्या दिवशी चहाला आलेला, दारातच उभा राहून पाहत होता. आत ये म्हटलं तरी आला नाही. शेवटी जब्या धोंडा फेकतो तेव्हा म्हणाला, "उशीर केला पोरानं." चहाची कपबशी विसळून जागेवर ठेवली आणि गेला. मी त्या पिक्चरची छापून आलेली परीक्षणं पुष्कळ वाचली. त्याच्या तीन शब्दांएवढं लक्षात राहिलेलं त्यांतलं काही नाही. हेही सांगतो, की आमच्या घरात त्याची कपबशी वेगळी होती, तोपर्यंत.

आता पुतण्या मोबाईलवर पाहतो. कानात बोंडं घालून, एकटाच. कसं होतं विचारलं, तर "भारी" नाहीतर "बोअर". परवा त्यानं 2024 चं 'रझाकार' लावून दिलं. "काका, बगा, आपलाच इतिहास हाय." तेलुगूवाल्यांचं पिक्चर. पाहिलं. जुलूम दाखवला तो झालेलाच आहे, त्यात शंका नाही. कल्हाळीकडच्या माणसाला विचारा. पण रक्त इतकं, आवाज इतका, की माणूस एकही धड दिसत नाही. आणि फौज आली की पिक्चरचं काम संपतं. मी त्याला म्हणालो, किल्ली कुठाय यात?

"कसली किल्ली?"

सांगायला लागलो. त्यानं एक बोंड कानातून काढलं. अर्ध्यात आल्यावर दुसरंही काढलं. मग म्हणाला, "खालाचं घर म्हंजे तेच ना, जिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे?"

"तेच."

"मग पिच्चरमध्ये नाई दाखवलं हे?"

त्याला मी 'निशांत' शोधून दे म्हटलंय. मिळालं, म्हणाला. पण सोयाबीनची काढणी चालू आहे, रात्री अंग टेकलं की डोळा लागतो. काढणी झाली की पाहू, टीव्हीला जोडून, घरातल्या सगळ्यांना बसवून.