टायर उसवण्याची गोष्ट

मिश्रणे वेगळी करण्याचा धडा आपण दरवर्षी शिकवतो. वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र करायचा. लोहचुंबकाने कीस उचलायचा, पाण्यात मीठ विरघळवायचे, गाळून वाळू बाजूला काढायची. मुलांना मजा येते आणि धडा संपतो. आम्हाला मात्र वाटते की तो इथे संपू नये. कारण गेली दीडशे वर्षे कारखान्यांतली माणसे हेच कोडे एका अवघड मिश्रणावर सोडवत आहेत, आणि ते अजून पुरते सुटलेले नाही. ते मिश्रण म्हणजे रबराची जुनी वस्तू. आजच्या काळात टायर.

आधी एक छोटा उद्योग करू. सायकलचा टाकाऊ टायर मिळवा आणि त्याचा वीतभर तुकडा शिक्षकांनी स्वतः कापून घ्या. दोन्ही कडांना लोहचुंबक लावून पाहा. बहुतेक टायरांत तो चिकटतो, कारण कडेत पोलादी तार असते. आता रबराखालच्या कापडाचा एक दोरा ओढून काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होते. नायलॉनचा दोरा वितळून त्याचा कडक मणी बनतो. हा सुती की नायलॉन एवढाच फरक पुढे कारखान्यांना किती महागात पडला, ते पाहू.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले, की गंधक मिसळून तापवले तर रबराचा हा दोष जातो. 1844 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक हेही त्याच वाटेवर होते. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. रबराचे रेणू शेवयांसारखे लांबलचक असतात. गंधक त्यांना जागोजागी गाठी मारते. या गाठींमुळेच रबर ताणून सोडले की पूर्ववत होते. पण गाठी पडलेले रबर मेणासारखे पुन्हा वितळत नाही. म्हणजे ज्या शोधाने रबर टिकाऊ झाले, त्याच शोधाने त्याचा परतीचा रस्ता बंद केला.

तरीही जुने रबर हवे होते, कारण नवे महाग होते. त्या काळी भंगारात येत ते मुख्यतः रबरी बूट, आणि त्यांना आतून सुती कापड असे. 1858 मध्ये हायरम हॉल यांनी रबराचा चुरा वाफेत तापवून मऊ करण्याची रीत काढली. पण कापडाचे काय? 1881 मध्ये चॅपमन मिचेल यांनी आम्ल वापरले. कापूस म्हणजे सेल्युलोज. तीव्र आम्लात तो खाक होतो आणि रबर बरेचसे तसेच राहते. मीठ पाण्यात जाते आणि वाळू जात नाही, तशातलाच हा प्रकार. 1899 मध्ये आर्थर मार्क्स यांनी आम्लाऐवजी कॉस्टिक सोडा घेतला आणि चुरा बंद पात्रात, दाबाखाली, कित्येक तास तापवला. त्यात कापूस नाहीसा होई, मोकळे राहिलेले गंधक निघून जाई आणि रबरही मऊ पडे. एका घाणीत तीन कामे! हे रबर नव्याइतके मजबूत नसे, पण नव्यात मिसळून खपे. पुढे मोटारी आल्या, आणि सुती कापडाच्या टायरांनाही हीच रीत लागू पडली.

दुसऱ्या महायुद्धात या भंगाराला एकदम मोल आले. 1942 च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि सिंगापूर घेतले. अमेरिकेला येणारे बहुतेक रबर बंद झाले. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना घरातले जुने रबर पेट्रोलपंपावर आणून देण्याचे आवाहन केले. भाव होता पौंडाला एक सेंट.

पण याच काळात टायरचा पोटातला मालमसाला बदलत होता. कृत्रिम रबर आले. ते कॉस्टिक सोड्यात तापवले की मऊ होण्याऐवजी कडक होई. म्हणून झिंक क्लोराइडसारखे क्षार वापरणारी वेगळी रीत शोधावी लागली. मग नायलॉन आले. त्याला कॉस्टिक सोडा दाद देईना. 1946 मध्ये फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने पोलादी तारांच्या पट्ट्याच्या रेडियल टायरचे पेटंट घेतले. प्रत्येक बदलाने टायर अधिक टिकाऊ झाला, यात शंका नाही. पण हा उसवायचा कसा, हा प्रश्न बनवताना कोणी विचारला नाही.

आपल्याकडेही याचा अनुभव आला. ट्रक-बसचे टायर पुष्कळ वर्षे नायलॉनच्या थरांचे होते. कारागीर रापीने थर सोलून त्यांच्या चपला करत. पोलादी तारांपुढे रापी चालत नाही.

आता रसायनांऐवजी भौतिक गुणधर्मांकडे वळावे लागले. यंत्रात टायरचे तुकडे करायचे, लोहचुंबकाने तारा ओढायच्या, चाळण्या हलवायच्या आणि हवेच्या झोताने हलका दोरा उडवायचा. खळ्यावरची उफणणीच ही! पण तारेला पितळेचा मुलामा असतो, आणि रबरातले गंधक पितळेतल्या तांब्याशी घट्ट जोडले जाते. त्यामुळे तारेबरोबर रबर येते. यावर एक उपाय म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन. त्याने गारठलेले रबर काचेसारखे ठिसूळ होते आणि घणाच्या घावाने तारेपासून सुटते. मात्र नायट्रोजनचा खर्च मोठा.

एवढे करूनही हाती येते ती गंधकाच्या गाठी आणि काजळीसकट रबराची भुकटी. रेणूंच्या लांब साखळ्या न तोडता फक्त गाठी सोडवणे अजूनही पुरते साधलेले नाही.

न उसवलेल्या टायरांचे ढीग साचतात. त्यांत पाणी राहते आणि डास होतात. 1990 च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या हेगर्सव्हिल इथे सुमारे 1 कोटी 40 लाख टायरांचा ढीग पेटला आणि 17 दिवस जळत राहिला. भारतात 2022 च्या नियमांनी टाकाऊ टायरची जबाबदारी बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. म्हणजे न विचारलेला प्रश्न आता त्यांना विचारला जाऊ लागला आहे.

तोच प्रश्न आपण वर्गात विचारू शकतो. मोडकी छत्री, तुटकी चप्पल, संपलेले बॉलपेन मुलांपुढे ठेवा. यात कोणकोणते पदार्थ आहेत? कोणत्या गुणधर्माने ते वेगळे होतील? आणि वेगळे होणे सोपे जावे म्हणून ही वस्तू तुम्ही कशी बनवली असती? शेवटच्या प्रश्नाची उत्तरे जपून ठेवा. ती पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत.