पाऊल लोंबते तेव्हा दोष कमरेत की गुडघ्याशी?

शापोरा नदीकाठच्या चोपडे गावासारख्या शेतीच्या गावांत बेणणीच्या दिवसांत बराच वेळ उकिडवे बसावे लागते. उठताना पायाला मुंग्या येतात आणि थोड्या वेळाने जातात. क्वचित मात्र पाऊल वर उचलेनासे होते, चप्पल निसटते, चालताना बोटे जमिनीला घासतात. याला पाऊल लोंबणे किंवा 'फूट ड्रॉप' म्हणतात. अशा वेळी कमरेची शीर दबली असे मानून कंबरच चोळली जाते. दोष गुडघ्याशीही असू शकतो.

पायाचे मज्जातंतू कंबर व माकडहाडाच्या वरील त्रिकास्थी या भागांतून निघतात. मांडीच्या पुढील बाजूचा फेमोरल मज्जातंतू गुडघा सरळ करतो. मागून उतरणारा सायटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू असून गुडघ्याच्या वर साधारणपणे त्याच्या दोन शाखा होतात. टिबिअल शाखा पोटरीला बळ आणि तळव्याला संवेदना देते. पेरोनिअल शाखा पाऊल वर उचलते. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याखाली, ती त्वचेच्या अगदी जवळून वळसा घेते. म्हणूनच दीर्घकाळ उकिडवे बसणे, पायावर पाय टाकून बसणे किंवा घट्ट प्लास्टर यांमुळे ती तेथे दबते.

तपासणीत डॉक्टर रुग्णाला आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला सांगतात. टाचांवर चालता न येणे हे पाऊल उचलणारे स्नायू दुबळे झाल्याचे लक्षण, तर चवड्यांवर चालता न येणे हे पोटरीच्या दुबळेपणाचे. त्यानंतर पाऊल आतल्या बाजूस वळवून पाहतात. ही हालचाल मुख्यतः टिबिअल शाखा घडवते. ती शाबूत असून पाऊल तेवढे उचलत नसेल, तर दोष गुडघ्याजवळ असण्याची शक्यता अधिक. दोन्ही हालचाली दुबळ्या असतील, तर कमरेतील पाचव्या मज्जामुळाचा संशय येतो. कापसाने स्पर्शज्ञान पाहतात. अंगठा व शेजारचे बोट यांमधील बेचकी ही पेरोनिअलच्या खोल शाखेची खूण. हातोडीचा गुडघ्यावरील ठोका तिसऱ्या-चौथ्या कटिमुळांची, तर टाचेमागचा ठोका त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाची परीक्षा घेतो. गरज भासल्यास मज्जातंतूंच्या वहनाची विद्युत चाचणी करतात.

मधुमेहात बधिरता बहुधा दोन्ही पावलांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्याप्रमाणे वर चढते. तिच्यासाठी 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू व 128 हर्ट्‌झचा ध्वनिकाटा वापरतात. कुष्ठरोगात गुडघ्याशी हीच शाखा जाड होऊन बोटांना लागते. त्वचेवर बधिर चट्टाही असू शकतो. औषधे वेळेवर सुरू झाल्यास पाऊल वाचू शकते. सहा महिन्यांहून जुनी इजा भरून येणे कठीण असते.

दबलेला मज्जातंतू बहुतेकदा काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतो. तोवर पाऊल पट्टीच्या आधाराने सरळ ठेवावे आणि उकिडवे बसणे टाळावे. मात्र दोन्ही पायांत अशक्तपणा, जांघेत बधिरता किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा विलंबही महाग पडतो.