वाडगा आवडतो, मग माणसं?

महिन्यातून एकदा तरी किंत्सुगीचा फॉरवर्ड येतोच. फुटलेलं भांडं, सोनेरी सांधे आणि खाली ‘जपान्यांकडून शिका’. शिकायला माझी ना नाही. पण भांडं मुळात घडवलं कुणी, हा प्रश्न त्यात कधीच नसतो. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय.

क्योतोच्या दाइतोकुजी मंदिर परिसरात ‘किझाएमोन इदो’ नावाचा चहाचा वाडगा जपून ठेवलाय. जपानचा तो राष्ट्रीय ठेवा. गंमत म्हणजे तो जपानी नाहीच. सोळाव्या शतकातल्या कुणा अनाम कोरियन कुंभाराच्या हातचा आहे. १९३१ साली यानागी सोएत्सु यांनी तो पाहिला. त्यांचं म्हणणं असं की, हे गरिबाघरचं रोजच्या जेवणाचं भांडं, आणि त्याचं सौंदर्य या साधेपणातच आहे.

हे यानागी म्हणजे ‘मिंगेई’ या शब्दाचे एक जनक. मिंगेई म्हणजे सामान्य लोकांची कला. १९२५ मध्ये हामादा शोजी आणि कावाई कानजिरो या कुंभारांसोबत त्यांनी हा शब्द घडवला. १९३६ मध्ये तोक्योत लोककला संग्रहालय उभं केलं. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या आधीचं.

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. १९१९ मध्ये तिथे स्वातंत्र्यासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने ते आंदोलन चिरडलं. यानागी कोरियन मातीच्या भांड्यांवर लुब्ध झालेला माणूस. त्यांनी जपानी वर्तमानपत्रात कोरियनांच्या बाजूने लिहिलं. पुढे सोलमधल्या राजवाड्याचा ग्वांगह्वामुन दरवाजा पाडायचं ठरलं, कारण मागे वसाहती सरकारची टोलेजंग इमारत उभी राहत होती. १९२२ मध्ये यानागींनी त्याविरुद्ध लेख लिहिला. वाचकांना त्यांनी उलटं चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगितलं: उद्या कोरिया बलाढ्य झाला, जपान त्याच्या ताब्यात गेला आणि एदोचा किल्ला पाडायला निघाला, तर तुम्हाला काय वाटेल? दरवाजा पाडला गेला नाही, दुसरीकडे हलवला गेला. १९२४ मध्ये त्याच राजवाड्याच्या आवारात त्यांनी कोरियन लोककलेचं संग्रहालय सुरू केलं.

१९४० मध्ये ओकिनावात तेच. तिथे शाळेत स्वतःची बोली बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकवत. यानागी तिथलं कापड आणि भांडी बघायला गेले होते, पण प्रमाणभाषेच्या सक्तीवरून थेट प्रशासनाशी वाद घालून बसले.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. कोरियन कलेला त्यांनी ‘दुःखाची कला’ म्हटलं. ही राज्यकर्त्या देशातून आलेली दयाबुद्धी आहे, अशी टीका पुढे कोरियन अभ्यासकांनीच केली, आणि ती मला पटते. सत्तेखाली दबलेल्यांचं दुःख ‘सुंदर’ म्हणणं जरा सोयीचंच असतं.

मुलगा यानागी सोरी डिझायनर झाला. वाकवलेल्या प्लायवूडच्या दोन तुकड्यांचं त्याचं ‘बटरफ्लाय स्टूल’ जगभर गाजलं. १९७७ मध्ये वडिलांचं संग्रहालयही त्याच्याकडे आलं.

मला मात्र बापाचं सगळ्यात मोठं काम तो १९२२ चा लेखच वाटतो. वस्तूवर प्रेम करायला पैसे लागतात. ती घडवणाऱ्यांसाठी आपल्याच सरकारला, आपल्याच वाचकांसमोर प्रश्न विचारायला हिंमत लागते.

असो. पुढचा फॉरवर्ड आला की सोन्याची सांध जरूर बघा. पण भांडं कुणाचं, हेही एकदा विचारा.