घातपात आणि अपघात : महायुद्धातील दोन रहस्ये



१९४२ साली अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीने शेरलॉक होम्सचा एक बोलपट काढला. त्याचे नाव 'शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर'. होम्सचे जनक कॉनन डॉइल १९३० सालीच वारले होते. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या लंडनात होम्सला आणून बसविले ते चित्रपटवाल्यांनी. बेसिल रॅथबोन हा होम्स आणि नायजेल ब्रूस हा वॉटसन. कथा अशी की, जर्मनांच्या रेडिओवरून एक आवाज ऐकू येतो. आगगाड्या उलथल्याची, कारखाने उडविल्याची वार्ता तो छद्मी स्वरात देतो, आणि तसे खरोखरच घडलेले असते. इंग्रज सरकारचे गुप्त मंडळ हतबुद्ध होऊन होम्सला बोलाविते. हा आवाज त्या घटकेला बोलणाऱ्याचा नसून आधी तबकडीवर भरून ठेवलेला आहे, हे होम्स ओळखतो. आणि अखेरीस त्या मंडळातलाच एक प्रतिष्ठित गृहस्थ जर्मन हेर निघतो. तास-सव्वा तासात गुन्हा, शोध आणि न्याय सर्व काही आटोपते व प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

या जातीच्या सर्व चित्रपटांच्या मुळाशी एक गृहीतक असते : आग लागली म्हणजे ती कोणीतरी लावलेली असलीच पाहिजे. करमणुकीसाठी हे ठीक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने हेच गृहीतक उराशी धरले, तर काय होईल? याचे उत्तर शोधण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, अवघ्या तेरा महिन्यांच्या अंतराने, दोन प्रसंग घडले. पहिला मुरगावच्या बंदरात, मार्च १९४३ मध्ये. दुसरा मुंबईच्या गोदीत, एप्रिल १९४४ मध्ये. पहिल्यात घातपात होता, पण तो झाकला गेला. दुसऱ्यात घातपात नव्हता, पण त्याचा संशय मात्र बळावला.

प्रथम मुरगाव पाहू. १९३९ साली युद्ध पेटले तेव्हा भर समुद्रात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांना आसऱ्याची जागा हवी होती. पोर्तुगाल तटस्थ होते आणि गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणून एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे मुरगावात येऊन राहिली. इटली युद्धात उतरल्यावर 'अनफोरा' हे इटालियन जहाजही त्यांच्या सोबतीला आले. तटस्थ बंदरातील जहाजावर हात टाकता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय कायदा. परंतु एरेनफेल्सवर एक गुप्त प्रक्षेपक यंत्र आहे आणि त्यावरून दोस्तांच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना पोहोचते, असा ब्रिटिश गुप्तहेर खात्याला संशय होता.

उघड नौदल पाठविणे शक्य नव्हते. म्हणून गुप्त कारवायांच्या खात्यातील लुईस प्यू व गॅव्हिन स्टुअर्ट यांनी माणसे निवडली ती 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी घोडदळातून. त्यांचे प्रमुख बिल ग्राइस. हे लोक व्यापारी पेढ्यांतले, बरेचसे पोक्त वयाचे, दर आठवड्याला कवायत आणि त्यानंतर क्लब अशा बेताने जगणारे. 'फीबी' नावाचे गाळ वाहून नेणारे एक संथ जहाज कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून निघाले; माणसे आगगाडीने कोचीनला जाऊन त्यावर चढली. ९ मार्च १९४३ च्या पहाटेपूर्वी त्यांनी एरेनफेल्सला गाठले. झटापटीत त्याचे कप्तान मारले गेले. खलाशांनी आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे जहाजाला आग लावली व तळाच्या झडपा उघडल्या. ते पाहून उरलेल्या तीन जहाजांवरच्यांनीही आपापली जहाजे पेटवून बुडविली. हल्लेखोर कोणाच्याही हाती न लागता निघून गेले.

आता यातली खुबी पाहा. जहाजे बुडविली कोणी? खलाशांनीच. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी अटक केली ती त्यांनाच. यातले एकही विधान खोटे नाही. आणि तरीही एवढेच सांगणे म्हणजे असत्य सांगणे होय. कारण तटस्थतेचा भंग करणारा हात त्यात कोठे दिसत नाही. तो हात जगाला विस्ताराने दिसला तो पस्तीस वर्षांनी. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांनी 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक लिहिले आणि १९८० मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर व डेव्हिड निव्हन यांना घेऊन 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट निघाला. त्याचे चित्रण गोव्यातही झाले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या मोहिमेमुळे हिंदी महासागरातील पाणबुड्या जणू आंधळ्या झाल्या आणि जहाजे बुडण्याचे एकदम थांबले, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. परंतु त्या मार्चात या बाजूच्या जर्मन पाणबुड्यांचा मुख्य उद्योग दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत चालला होता. त्यांचा 'मॉन्सून' नावाचा ताफा अरबी समुद्रात आला तो त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर. म्हणजे धाडस खरे. पण त्याला चिकटविलेले फळ संशयास्पद. पराक्रमाची कथा झाली की तिला विजयाचा कळस लागतोच. तो कळस खरा की गिलाव्याचा, हे ठोकून पाहणे इतिहासकाराकडे येते.

आता मुंबईकडे वळू. 'फोर्ट स्टिकीन' हे ७,१४२ टनांचे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, काही विमाने आणि सोन्याच्या लगडी होत्या. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, तेल आणि लाकूड भरण्यात आले. कप्तानाला हा संसार पसंत नव्हता. पण युद्धकाळात जहाजातली जागा रिकामी ठेवणे परवडत नव्हते. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले.

सोलापूरच्या श्रोत्यांना पुढचे फार समजावून सांगावयास नको. दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी शिरली म्हणजे काय होते, हे गिरणगावाला ठाऊक असते. ज्वाळा दिसत नाही, नुसता धूर निघतो. वरून पाणी ओतावे तर ते आत पोहोचत नाही, आणि आग पोटातल्या पोटात पसरत जाते. १४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरात आग असल्याचे ध्यानात आले. त्याच तळघरात कापूस होता आणि त्याच तळघरात स्फोटकेही होती. नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतले गेले. जहाज जागीच बुडवावे की गोदीबाहेर काढावे, याचा निर्णय वेळेवर झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद उमटली. मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत दिले जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

मुंबईकरांना प्रथम वाटले की जपानी विमाने आली. मग घातपाताची कुजबूज सुरू झाली. ती वाढण्यास सरकारी मौनाने भरपूर खतपाणी घातले. वार्ताहरांना बातम्या बाहेर धाडण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात; उलट जपान्यांच्या हुकमतीखालील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, स्फोटाचा वृत्तांत सांगून टाकला. आपल्या शहराची हकीकत शत्रूच्या रेडिओवरून कळावी, यापरते संशयाला दुसरे कोणते खाद्य हवे? होम्सच्या बोलपटातला तो आवाज जणू पडद्यावरून उतरून खराच बोलू लागला होता.

परंतु चौकशी आयोगाने साक्षीपुरावे तपासले तेव्हा हेर सापडला नाही. कोणीतरी निष्काळजीपणाने टाकलेली सिगारेट, हेच आगीचे संभवनीय कारण ठरले. म्हणजे गुन्हेगार कोण? एकटा कोणीच नव्हे. कापसाशेजारी स्फोटके रचणारे, असे जहाज गोदीत येऊ देणारे, धोक्याचा लाल बावटा न चढविणारे, निर्णयाची घटका दवडणारे, असे अनेक हात त्यात होते. यातल्या कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता.

या दोन प्रसंगांतून एकच गोष्ट ध्यानात येते. प्रसंगाला चुकीचे नाव दिले की कोणीतरी जबाबदारीतून सुटतो. मुरगावला 'खलाशांनीच जहाजे जाळली' एवढेच म्हटले की कायदा मोडणारे सुटतात. मुंबईत 'हेराने आग लावली' असे म्हटले की कारभारी सुटतात. अदृश्य शत्रू हा राज्यकर्त्यांना कित्येकदा फार सोयीचा असतो. त्याला पकडावे लागत नाही, आणि स्वतःची झडती द्यावी लागत नाही.

या गावाला हे निराळ्या शब्दांत ठाऊक आहे. मे १९३० मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा डोक्यावरची गांधी टोपीदेखील गुन्हा ठरली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सरकारी कागदांनी त्यांना खुनी म्हटले, सोलापूरने हुतात्मा म्हटले. कागदावरचे नाव हेच अखेरचे सत्य असते, तर आज त्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागी उभे राहिले नसते.

रहस्यपट अवश्य पाहावेत. मीही ते आवडीने पाहतो. होम्स आपल्याला निदान पुरावा पाहावयास शिकवितो. मात्र चित्रगृहाबाहेर पडल्यावर, एखाद्या दुर्घटनेची वार्ता कानी आली की, 'हे कोणी केले?' या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घेतली पाहिजे : हे घडू कोणी दिले, आणि आपल्याला सांगण्यात येणाऱ्या गोष्टीमुळे सुटतो आहे कोण?