मधले नाव

न्हावा शेवा हे आज बंदराचे नाव म्हणून जगभरातल्या मालवाहू जहाजांच्या कागदपत्रांत लिहिले जाते. मुळात ती दोन गावे: न्हावे पनवेल तालुक्यातले, शेवा उरणमधले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी याच परिसरात, जासईच्या आसपास, संपादित जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाचजण हुतात्मे झाले: नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, केशव महादेव पाटील, महादेव हिरा पाटील, कमलाकर कृष्णा तांडेल. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, ती या लढ्याचे फळ.

ही नावे वाचताना नजर मधल्या शब्दावर थबकते. शंकर, अर्जुन, कृष्णा. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येक हुतात्म्याच्या नावात त्याचा बाप उभा आहे. पण लढ्यांच्या इतिहासात मात्र या मधल्या माणसाला जागा नाही. नेता नोंदला जातो, बळी नोंदला जातो. आपले मूल चारचौघांच्या हक्कासाठी पुढे निघाले तेव्हा घर त्याच्या मागे उभे राहिले की आडवे आले, हे बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही. हे पाचजण काही अजाण बालके नव्हती. पण याच प्रश्नाने मराठी वाङ्मयाच्या एका खऱ्याखुऱ्या बालकाकडे पाहिले, तर त्याच्या नावाला मधला शब्दच नाही असे दिसते.

१८५५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत, 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध छापून आला. लेखिका मुक्ताबाई, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेतली चौदा वर्षांची मांग विद्यार्थिनी. आज आपण तिला मुक्ता साळवे म्हणून ओळखतो.

त्या निबंधात जी धग आहे तिने वाचक आजही चपापतो. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सवाल ती थेट देवालाच करते. इमारतींच्या पायात शेंदूर मिसळलेले तेल पाजून माणसे पुरल्याच्या आठवणी सांगते. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या शिराचा चेंडू होई, असे लिहिते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांची थंडीपावसातली दैना तिने ज्या आतड्याने सांगितली आहे, ती जागा मला संपूर्ण निबंधात सर्वांत मोलाची वाटते. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. महारही स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात, हा विटाळाचा विचार त्यांच्यातही मुरला आहे, अशी तक्रार तीच करते. आणि तरीही दुःखाची मांडणी दोघांची मिळून करते. स्वतःच्या जातीपुरते बोलणे तिला सोपे गेले असते.

इतक्या लहान मुलीला हे सुचले असेल का, गुरूनेच लिहून दिले नसेल ना, ही शंका अशा लेखनाच्या पाठीशी हात धुऊन लागते. माझ्या मते निबंधच तिचे उत्तर देतो. युक्तिवादाची रीत, वेदांचा प्रश्न, ज्ञानाचे औषध घ्या हे शेवटचे आवाहन यांत शाळा दिसते. पण पायात पुरलेली माणसे, गुलटेकडी, बायकांचे उघड्यावरचे बाळंतपण हे तीनेक वर्षांच्या शाळेत मिळणारे ज्ञान नव्हे. ते घरातून, कुणा आजीच्या, मावशीच्या तोंडून आलेले असणार. लिपी शाळेने दिली, आशय वस्तीने. म्हणजे जिचे मधले नाव छापले गेले नाही, तिच्या निबंधाच्या ओळीओळीत तिची माणसे आहेत. जे भोगले ते पोरीपासून लपवले नाही, आणि ते लिहायला तिला अडवले नाही, हाच त्यांचा पाठिंबा. मुळात पोरांना शाळेत धाडणे हेच धाडस होते. त्यासाठी मांग वस्तीत लहुजीबुवांनी आणि महारांत रणबा यांनी लोकांची मने वळवली.

इथे जोतीरावांच्या वडिलांची, गोविंदरावांची, आठवण येणे अपरिहार्य आहे. त्यांना खलनायक ठरवण्याची चरित्रकारांची घाई मला पटत नाही. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांच्या सांगण्यावरून शिक्षण तुटलेल्या मुलाला पुन्हा शाळेत घालणारे तेच. पण १८४९ मध्ये, मुलींच्या शाळेपायी समाजाचा दाब वाढला तेव्हा, त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. फीचा खर्च त्यांना झेपला. भाऊबंदांचा बहिष्कार झेपला नाही. त्या अवघड वेळी आसरा मिळाला तो उस्मान शेख यांच्या घरी. ज्या गुरूने बापाचे दार बंद होताना पाहिले होते, त्याच्याच शाळेत मुक्ताबाईच्या हाती लेखणी आली, हा केवळ योगायोग मानायला मन तयार होत नाही.

'ज्ञानोदय'चा पाठिंबा मात्र निखळ नव्हता. ब्राह्मणी धर्मावरचा प्रहार मिशनऱ्यांच्या सोयीचा होता, हे उघड आहे. मुक्ताबाई इंग्रज सरकारचे आभार मानते, हेही आजच्या अभ्यासकाने झाकू नये. तरी ती ख्रिस्ती होण्याचे आश्वासन कोठेही देत नाही. धर्म कोणता, हा तिचा प्रश्न प्रश्नच राहतो. आणि संपादकाने तो तसाच, तिच्या नावानिशी, छापला. याच १८५५ साली जोतीरावांचे 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. त्यांच्या हयातीत ते छापून झाले नाही. गुरूचे हस्तलिखित पडून राहिले आणि शिष्येचा निबंध वाचकांच्या हाती पडला.

तिचे दुसरे लेखन आपल्यापुढे नाही. सुसी थारू आणि के. ललिता यांनी १९९१ मध्ये संपादित केलेल्या 'विमेन रायटिंग इन इंडिया'च्या पहिल्या खंडात हा निबंध इंग्रजीत आला, आणि तिथेही लेखिकेचे नाव एकाच शब्दाचे आहे: मुक्ताबाई.