आधी फोन करून येणारा तपासनीस

इंग्लंडमध्ये घरी येऊन म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या एजन्सी आहेत. सरकारी यंत्रणा त्यांची तपासणी करते आणि तपासणीचे अहवाल कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी ते वाचायला लागले कामामुळे. आमची टीम अशा एजन्सींसाठी लागणाऱ्या अॅपवर काम करत होती. केअरर आजींच्या घरी पोचली की फोनने टॅग स्कॅन करते, निघताना पुन्हा करते, आणि दोन्ही वेळा सर्व्हरवर नोंदल्या जातात. या नोंदी तपासनीस पाहतात म्हणे. म्हणून म्हटलं, ते नेमकं काय पाहतात ते तरी बघू.

अहवालांमागून अहवाल वाचताना एकाच अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा समोर येत होतं : आम्ही ४८ तास आधी कळवून गेलो, कारण कार्यालयात कुणीतरी भेटेल याची खात्री हवी होती.

वृद्धाश्रमाची तपासणी साधारणपणे न कळवता होते. तपासनीस दारातून आत येतो तेव्हा स्वयंपाकघराचा वास, ओली चादर, हाक मारूनही कुणी न येणं, सगळं त्याच्यासमोरच असतं. होम केअर एजन्सीकडे मात्र असतं एक छोटं ऑफिस. तिथे दोन टेबलं, फायलींचं कपाट आणि वाजणारे फोन. जिची काळजी घ्यायची ती बाई तिथे नसतेच. ती शहरभर विखुरलेल्या शे-दोनशे बंद दारांपैकी एकाच्या मागे असते, आणि तिच्या परवानगीशिवाय तपासनीसाला ते दार उघडता येत नाही.

हे असं का झालं, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

१८३४च्या गरीब कायद्याने इंग्लंडमध्ये वर्कहाउसचं जाळं उभं केलं. त्याच्याबरोबर सरकारी निरीक्षकही आले. तरीही १८४५मध्ये अँडोव्हरच्या वर्कहाउसमधली गोष्ट बाहेर आली : खतासाठी हाडं फोडायच्या कामावर लावलेली भुकेली माणसं त्या कुजक्या हाडांतला मगज खात होती. संसदेची चौकशी बसली आणि १८४७मध्ये वर्कहाउस चालवणारा आयोगच बरखास्त झाला. बंद संस्थेच्या आत कुणीतरी बाहेरचं माणूस जाऊन पाहिलंच पाहिजे, हे ब्रिटिश समाज अशा प्रकरणांतून शिकत गेला.

घरांचं काय? घरातही सरकारी माणूस जायचा. पण मदत मागणारा खरंच गरीब आहे ना, हे बघायला. त्याला मिळणारी मदत नीट मिळते का, हे बघायला कुणी जात नसे.

याला एक सुंदर अपवाद आहे. १८५९मध्ये लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजारात सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या नर्सला गरिबांच्या घरोघरी पाठवायला सुरुवात केली. त्यातून डिस्ट्रिक्ट नर्सिंग उभं राहिलं आणि १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. रोझालिंड पॅजेट या तिच्या पहिल्या महानिरीक्षक. या संस्थेच्या निरीक्षक बायका नर्सबरोबर फेरीवर जात. जिना चढून, आजाऱ्याच्या खाटेशेजारी उभं राहून त्या काम पाहत आणि मग शेरा लिहीत. म्हणजे घरातल्या सेवेची तपासणी घरातच करण्याची पद्धत शंभरहून जास्त वर्षांपूर्वी होती.

विसाव्या शतकात कायदे पुन्हा इमारतींच्या मागे लागले. १९२७मध्ये नर्सिंग होमची नोंदणी सक्तीची झाली. १९४८मध्ये खाजगी वृद्धाश्रमांचीही झाली. घरी येणारी ‘होम हेल्प’ तेव्हा कौन्सिलची पगारी बाई असायची. झाडलोट, बाजारहाट, चुलीची राख काढणं, चार शब्द बोलणं ही तिची कामं. तिच्यावर वेगळा तपासनीस नेमावा असं कुणाला वाटलं नाही.

मग आले सर रॉय ग्रिफिथ्स. सेन्सबरीज या सुपरमार्केटच्या साखळीचा कारभार पाहणारा हा माणूस. त्यांच्या १९८८च्या अहवालाचा सूर असा की कौन्सिलने सगळ्या सेवा स्वतः देत बसू नये, त्या विकत घ्याव्यात. १९९०मध्ये कायदा झाला आणि एप्रिल १९९३पासून पूर्ण लागू झाला. केंद्राकडून कौन्सिलांकडे वळवलेल्या पैशांपैकी ८५ टक्के कौन्सिलबाहेरच्या संस्थांवर खर्च करायची अट होती. १९९२मध्ये घरच्या काळजीच्या तासांपैकी सुमारे २ टक्केच तास बाहेरच्या संस्था देत होत्या. शतक संपताना हा आकडा निम्म्याच्या पुढे गेला.

या मधल्या काळात अशा एजन्सीसाठी देशभर लागू होणारी नोंदणी नव्हती आणि तपासणीही नव्हती. कुत्र्यांचं पाळणाघर चालवायला इंग्लंडमध्ये परवाना लागत होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी अनोळखी बाई पाठवायला लागत नव्हता.

२०००च्या केअर स्टँडर्ड्स कायद्याने ही फट बुजवली. त्यानंतर तपासणारी संस्थाच तीनदा बदलली : २००२, २००४ आणि २००९. शेवटची, म्हणजे केअर क्वालिटी कमिशन, आजही आहे. ती पाच प्रश्न विचारते : सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का, आणि कारभार नीट चालतो का. उत्तरांवरून चारपैकी एक श्रेणी मिळते.

प्रश्न चांगले आहेत. उत्तरं शोधायची कुठे, ही अडचण. म्हणून कागद वाढले. केअर प्लॅन, औषधांचा तक्ता, नोकरीआधीची पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि आमच्या अॅपसारख्या यंत्रणांमधल्या येण्याजाण्याच्या वेळा. मी इंजिनिअर आहे, नोंदींवर माझा विश्वास आहे. ७ वाजून २ मिनिटांनी आत, ७ वाजून १७ मिनिटांनी बाहेर, हे टॅगवरून कळतं. त्या पंधरा मिनिटांत आजींना आंघोळ घालताना पाणी गार होतं का, त्यांना ‘लवकर उरका’ म्हटलं का, हे त्यात कुठेच नसतं. आणि एकदा वेळ मोजता येते म्हटल्यावर कौन्सिलांनी कामाचे पैसेही मिनिटांवर द्यायला सुरुवात केली. एका घरातून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचे पैसे अनेक केअररना मिळत नसत. २०१५मध्ये आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेला सांगावं लागलं की अर्ध्या तासाहून छोटी भेट केवळ ठरावीक परिस्थितीतच द्यावी.

यादी बरोबर असली म्हणजे माणूस सांभाळला गेला असं होत नाही, हे जानेवारी २०१३मध्ये सरे काउंटीत दिसलं. एका होम केअर एजन्सीवर इमिग्रेशनची धाड पडली. तिच्या ग्राहकांची सोय कौन्सिलने लावायची होती. एक वृद्ध बाई राहून गेली. आमच्या भाषेत, डेटा एका सिस्टिममधून दुसरीकडे नेताना एक ओळ सुटली. नऊ दिवस तिच्याकडे कुणी गेलं नाही. ती सापडली तेव्हा जिवंत होती, पुढे हॉस्पिटलमध्ये गेली. तिला शोधलं कुठल्याही प्रणालीने नाही, तर भेटीला आलेल्या डिस्ट्रिक्ट नर्सने. रॅथबोनच्या त्या जुन्या कल्पनेची वारसदार.

तपासणारी संस्थाही या रोगातून सुटली नाही. २०२३च्या अखेरीस तिने तपासणीची नवी चौकट आणली, सोबत नवं सॉफ्टवेअर. २०२४मध्ये पेनी डॅश यांच्या सरकारी परीक्षणात दिसलं की दर पाचांतल्या एका ठिकाणाला कधी श्रेणीच मिळालेली नव्हती. वृद्धाश्रम तपासणाऱ्या एका व्यक्तीने तर डिमेन्शियाचा रुग्ण कधी पाहिलाच नव्हता. ‘ही संस्था कामाला लायक राहिलेली नाही,’ अशा अर्थाचं खुद्द आरोग्यमंत्री बोलले.

हे वाचताना मला सारखं आपल्याकडचं आठवत होतं. १९२७च्या त्या कायद्याच्याच वळणाचा नर्सिंग होम नोंदणी कायदा मुंबई प्रांतात १९४९मध्ये झाला आणि महाराष्ट्रात तो अजून चालू आहे. तोही इमारत बघतो : खाटा, नर्स, नोंदवही. मुलं पुण्या-बंगळुरूत किंवा परदेशात, आणि आईसाठी ब्युरोची मावशी चोवीस तास, ही व्यवस्था आता किती घरांत आहे ते आपण बघतोच. त्या ब्युरोच्या ऑफिसात ४८ तास आधी कळवूनसुद्धा कुणी येत नाही. आपण आधार कार्डाची झेरॉक्स घेतो, हॉलमध्ये कॅमेरा लावतो आणि ऑफिसात बसून फोनवर बघतो. म्हणजे तपासनीस आपणच. आणि कॅमेऱ्यात आपल्याला दिसते ती येण्याजाण्याची वेळ. मावशीला दुपारी पाठ टेकायला मिळते का, ब्युरो तिच्या पगारातून किती कापून घेतो, हे तर आपण विचारतही नाही. थकलेल्या हाताने कुणाची काळजी नीट घेतली जात नाही, एवढं इंग्लंडच्या अनुभवावरून तरी कळायला हवं.

त्या अहवालांत मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग शेवटी अगदी साधा निघाला. कमिशनतर्फे काही माणसं ग्राहकांना थेट फोन करतात. ही माणसं अधिकारी नसतात. त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या घरच्यांनी कधीतरी अशी सेवा घेतलेली असते. त्यांचे प्रश्न काहीसे असे असतात : तुमच्याकडे रोज तीच बाई येते का? उशीर होणार असेल तर कुणी कळवतं का? तुमच्याशी ती बोलते का? अहवालात या उत्तरांना जेमतेम चार-पाच ओळी मिळतात. पण एखाद्या एजन्सीबद्दल मला काही खरं कळलं असेल, तर ते त्या ओळींतून.

हे प्रश्न विचारायला कायदा लागत नाही. मावशी खाली भाजी आणायला गेलेली असताना आईला फोन करायचा आणि विचारायचं. आणि आई फिरायला गेलेली असताना मावशीलाही.