लिटररी डायजेस्ट मतचाचणी

लिटररी डायजेस्ट मतचाचणी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी घेतलेली मतचाचणी. सदोष नमुना-निवडीचे उदाहरण म्हणून सांख्यिकीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत तिचा निर्देश येतो. १९१६ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीतील विजेत्याचे नाव या साप्ताहिकाने बरोबर वर्तविले होते. त्यामुळे त्याच्या अंदाजांना मोठी प्रतिष्ठा लाभली होती. १९३६ मध्ये त्याने सु. १ कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठविल्या. पत्ते मुख्यतः दूरध्वनी-सूची व मोटारींच्या नोंदवह्या यांतून घेतलेले होते. सु. २३ लाख उत्तरे आली व त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन यांना सु. ५७ टक्के मते मिळतील, असे जाहीर करण्यात आले. प्रत्यक्षात फ्रँक्लिन रूझवेल्ट यांना सु. ६१ टक्के लोकमते आणि निर्वाचक मंडळातील ५३१ पैकी ५२३ मते मिळाली.

महामंदीच्या काळात दूरध्वनी व मोटार बाळगणारा वर्ग सुस्थित आणि म्हणून लँडन यांना अनुकूल होता, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. शिकागोत साप्ताहिकाने नोंदणीकृत मतदारांपैकी दर तिसऱ्यास मतपत्रिका पाठविली होती. म्हणजे तेथे यादीत दोष नव्हता. तरीही उत्तरे सु. एक-पंचमांशच आली आणि त्यांत बहुमत लँडन यांचे होते. १९३७ च्या एका गॅलप पाहणीतील सामग्रीच्या आधारे पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ मध्ये दाखविले, की मतपत्रिका मिळालेल्या सर्वांनी उत्तरे दिली असती, तर निदान विजेता तरी बरोबर ठरला असता. रूझवेल्टविरोधकांनी अधिक उत्साहाने उत्तरे पाठविली, हा दोष यादीच्या दोषाहून लहान नव्हता. वाचकांकडून कूपने मागवून त्यांच्या मोजणीस ‘जनमत’ म्हणणारी वृत्तपत्रेही याच दोषाची धनी होतात. अशा चाचणीत उत्तरांची संख्या वाढल्याने अचूकता वाढत नाही, एकाच बाजूची चूक अधिक दृढ होते.

याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला. त्यांचे निष्कर्ष अनेक वृत्तपत्रे मोबदला देऊन प्रसिद्ध करीत. डायजेस्टच्या मतपत्रिका रवाना होण्यापूर्वीच, केवळ ३,००० जणांना पत्रे पाठवून त्यांनी त्या साप्ताहिकाचा चुकीचा निष्कर्षही जवळजवळ अचूक सांगितला होता. तथापि गॅलप यांची हिस्सा-पद्धतीही निर्दोष नव्हती. स्त्री-पुरुष, वयोगट, आर्थिक स्तर इत्यादींतील किती व्यक्तींना भेटावयाचे हे मुलाखतकारास ठरवून दिलेले असे. नेमके कोणास भेटावयाचे हे मात्र त्याच्या मर्जीवर सोडलेले असे. साहजिकच तो सहज भेटणाऱ्या माणसांकडे वळे. १९४८ मध्ये गॅलप यांच्यासह प्रमुख चाचणीकारांनी टॉमस ड्यूई यांचा विजय वर्तविला आणि हॅरी ट्रूमन निवडून आले. मुलाखती मतदानाच्या बऱ्याच आधी थांबविल्या, हेही त्याचे एक कारण होते. त्यानंतर मुलाखतकाराचे निवडस्वातंत्र्य काढून घेणाऱ्या यादृच्छिक नमुना-पद्धतीकडे चाचणीसंस्था वळल्या. लिटररी डायजेस्टचे प्रकाशन त्याआधीच, १९३८ मध्ये, बंद पडले होते.